समुद्रातले चार हजार फ्लोट चालू कसे राहतात

जगभरच्या समुद्रांत या घडीला सुमारे ४,००० फ्लोट, म्हणजे समुद्र मोजणारी स्वयंचलित यंत्रं, पाण्याखाली फिरत आहेत. त्यांना दोर नाही, नांगर नाही, पुढे ढकलणारा पंखाही नाही. दर दहा दिवसांनी प्रत्येक फ्लोट दोन किलोमीटर खोलीवरून वर येतो, वाटेत पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजतो, उपग्रहामार्फत आकडे पाठवतो आणि पुन्हा बुडी मारतो. या योजनेचं नाव आर्गो. १९९९ मध्ये तिची आखणी झाली, पुढच्या काही वर्षांत फ्लोट पाण्यात पडत गेले आणि नोव्हेंबर २००७ मध्ये ३,००० फ्लोटांचं पहिलं उद्दिष्ट पूर्ण झालं. तीसहून जास्त देशांचा हातभार आहे. जवळपास निम्मे फ्लोट एकट्या अमेरिकेचे. भारत २००२ पासून त्यात आहे आणि आपल्याकडचं काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था पाहते.

बातम्यांत येतात ते बहुतेक वेळा नवे, जास्त खोल जाणारे, जास्त गोष्टी मोजणारे फ्लोट. खरी कसरत मात्र आहे तेच जाळं टिकवण्याची. एका फ्लोटाचं आयुष्य साधारण चार ते पाच वर्षं असतं. चार हजारांना पाचाने भागलं तर उत्तर येतं आठशे. म्हणजे दर वर्षी ८०० नवे फ्लोट सोडले तर जाळं आहे तेवढंच राहतं, एकानेही वाढत नाही. दोन वर्षं हात आखडला तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी नकाशात भोकं दिसू लागतात, आणि मधल्या काळात न मोजलेला समुद्र नंतर कितीही पैसे ओतले तरी मोजता येत नाही.

खाली-वर होण्याची युक्ती

साधा फ्लोट म्हणजे माणसाच्या कमरेपेक्षा थोडं उंच, २० ते ३० किलो वजनाचं ॲल्युमिनियमचं नळकांडं. वर अँटेना आणि सेन्सर, आत बॅटऱ्या, सर्किट आणि पंप, तळाशी रबराची पिशवी. पंप आतल्या टाकीतलं तेल बाहेरच्या पिशवीत ढकलतो. वजन तेवढंच राहतं, आकारमान वाढतं, घनता कमी होते आणि फ्लोट वर येऊ लागतो. तेल परत आत घेतलं की तो बुडतो. माशाच्या पोटातली हवेची पिशवी हेच काम करते, फक्त इथे हवेऐवजी तेल आहे, कारण २,००० मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोचा दाब असतो आणि तिथे हवा चिरडून जाते.

किती तेल लागतं याचा अंदाज आपणही काढू शकतो. २५ किलोचा फ्लोट घ्या. दोन किलोमीटर खोलीवर समुद्राच्या पाण्याची घनता लिटरला साधारण १.०३६५ किलो, उष्ण कटिबंधात पृष्ठभागावर १.०२२ किलो. खाली तरंगत राहायला फ्लोटाचं आकारमान हवं २४.१२ लिटर, वर २४.४६ लिटर. फरक ३४० मिलिलिटरचा. प्रत्यक्षात कवचही दाबाखाली थोडं आकसतं आणि वर येताना फुलतं, त्यामुळे पंपाचं काम तेवढं हलकं होतं. तरी हिशेब काही शे मिलिलिटरचाच राहतो. म्हणूनच फ्लोट पाण्यात टाकण्याआधी त्याचं वजन ग्रॅमच्या हिशेबात जुळवतात. इथे चूक झाली की तो ठरलेल्या खोलीवर थांबत नाही, एक तर उथळ पाण्यात रेंगाळतो नाहीतर खालीखाली जात राहतो.

बंगालचा उपसागर या बाबतीत त्रासदायक आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, इरावती यांचं गोडं पाणी तिथे वरच्या थरात पसरतं, त्यामुळे पृष्ठभागाची घनता फारच कमी होते. ज्या फ्लोटाच्या पिशवीत मोजकंच तेल मावतं त्याला शेवटचे काही मीटर पार करणं जड जातं. उष्ण कटिबंधातल्या जुन्या फ्लोटांना याच कारणाने २,००० मीटरपर्यंत न पाठवता कमी खोलीवरूनच वर आणावं लागे.

एक फेरी अशी असते: आधी १,००० मीटरवर जायचं आणि सुमारे नऊ दिवस प्रवाहाबरोबर वाहायचं. प्रवाह सेकंदाला ५ सेंटिमीटर असेल तर तेवढ्यात ३९ किलोमीटर अंतर कापलं जातं. मग २,००० मीटरवर उतरायचं आणि तिथून सेकंदाला साधारण १० सेंटिमीटर वेगाने वर यायचं. त्याला साडेपाच-सहा तास लागतात. तेल एकदम सोडत नाहीत. वर चढण्याचा वेग ठरावीक मर्यादेच्या खाली गेला की पंप थोडं तेल ढकलतो, पुन्हा मंदावला की पुन्हा थोडं. मोजमाप होतं ते वर येतानाच.

पृष्ठभागावर पोहोचल्यावर जुन्या फ्लोटांना एकतर्फी उपग्रह यंत्रणेमुळे आठ-दहा तास तरंगत राहावं लागे. एवढ्या वेळात वारा त्यांना ढकलायचा, सेन्सरवर शेवाळ आणि बार्नकल (कवचाचे छोटे समुद्री जीव) चिकटायचे, जहाजांचा धोका वेगळाच. इरिडियम उपग्रहांमुळे हे काम आता बहुतेक वेळा तासाच्या आत उरकतं. शिवाय उलट दिशेने आज्ञाही पाठवता येते. चक्रीवादळाच्या वाटेवरच्या फ्लोटाला दहा दिवसांऐवजी रोज वर यायला सांगता येतं. मात्र तेवढ्या लवकर त्याची बॅटरी संपते, हेही धरून चालावं लागतं.

फ्लोट कशाने बंद पडतात

बहुतेक फ्लोट बॅटरी संपून बंद पडतात. बॅटरी पुन्हा चार्ज होणारी नसते आणि सर्वात जास्त वीज खातो तो खोल पाण्यातला पंप. सुरुवातीच्या अल्कलाइन बॅटऱ्यांमध्ये एखादा सेल आधी दम टाकायचा आणि बाकीच्या सेलची ऊर्जा त्यातच वाया जायची. अपेक्षित आयुष्याच्या निम्म्यावरच फ्लोट थांबल्याची उदाहरणं त्यामुळे घडली. लिथियम बॅटऱ्या आल्यावर अडीचशे फेऱ्यांपर्यंत मजल गेली. फेऱ्या वाढवणं हा जाळं टिकवण्याचा सर्वात स्वस्त उपाय आहे. आयुष्य पाचाऐवजी सहा वर्षं झालं तर दर वर्षी ८०० ऐवजी सुमारे ६७० फ्लोट पुरतात. नवा, चकचकीत सेन्सर बसवण्यापेक्षा पंपाची वीज वाचवणाऱ्या इंजिनिअरने आर्गोचं जास्त भलं केलं आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उरलेली कारणं थोडक्यात: सील गळून आत पाणी शिरणं, उथळ भागात तळाला जाऊन चिखलात रुतणं, अँटेना मोडणं, मासेमारीच्या जाळ्यात सापडणं. ध्रुवांजवळ वर बर्फ असेल तर अँटेना त्यावर आपटते. तिथल्या फ्लोटांना एक नियम शिकवलेला असतो: वर येताना वरच्या थराचं तापमान उणे १.७९ अंशांच्या खाली दिसलं तर पृष्ठभागावर यायचं नाही, मोजलेलं साठवून ठेवायचं आणि मागे फिरायचं. बर्फ वितळल्यावर तो साऱ्या हिवाळ्याचे आकडे एकदम पाठवतो.

बंद पडलेला फ्लोट सहसा परत आणत नाहीत. संशोधन जहाजाचा एका दिवसाचा खर्चच साध्या फ्लोटाच्या किमतीइतका किंवा त्याहून जास्त असतो. हा कचराच आहे, नाही म्हणण्यात अर्थ नाही. मोजणीसाठी मोजलेली ती किंमत आहे.

सोडायला जहाज कुठून आणायचं

साध्या फ्लोटाची किंमत २० ते २५ हजार डॉलर, म्हणजे ढोबळमानाने २० लाख रुपये. विकत घेणं त्यातल्या त्यात सोपं. तो योग्य ठिकाणी नेऊन टाकणं अवघड, कारण जाळ्याला सर्वात जास्त गरज असते तिथेच जहाजं जात नाहीत. आखणीनुसार अक्षांश-रेखांशाच्या दर तीन अंशांच्या चौकोनात एक फ्लोट हवा, म्हणजे साधारण ३०० किलोमीटरवर एक. व्यापारी मार्गांवर हे जमतं. दक्षिण पॅसिफिकच्या मधोमध किंवा दक्षिण हिंदी महासागरात मुद्दाम जावं लागतं. न्यूझीलंडच्या काहारोआ या अवघ्या २८ मीटर लांबीच्या संशोधन नौकेने अशा फेऱ्यांत हजाराहून जास्त फ्लोट सोडले. मोठ्या जहाजापेक्षा छोटी नौका स्वस्त पडते, एवढं साधं कारण.

सोमालियाच्या चाच्यांमुळे पश्चिम हिंदी महासागराचा मोठा भाग संशोधन जहाजांना काही वर्षं बंद होता. तिथली भोकं बुजवायला २०११ च्या सुमारास अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या नौदलांची मदत घ्यावी लागली. भारताचे फ्लोट सागर निधी, सागर कन्या यांसारख्या संशोधन जहाजांच्या फेऱ्यांबरोबर जातात. फेरी लांबली की फ्लोटही गोदामात थांबतात, आणि बॅटरी गोदामातही म्हातारी होते.

डेकवरचं काम दिसायला किरकोळ, पण चुका इथेच होतात. खोका उघडायचा, कवचावर ओरखडा किंवा खड्डा आहे का बघायचं. चुंबक फिरवून किंवा काढून फ्लोट जागा करायचा, तो स्वतःची तपासणी करतो आणि उपग्रहाला पहिला निरोप पाठवतो. तो पोहोचल्याची खात्री होईपर्यंत पाण्यात टाकायचा नाही. सेन्सरच्या नळीवरची संरक्षक टोपणं काढायची. ही राहिली तर वाहकता मोजणाऱ्या कोठीतून पाणी वाहतच नाही, आणि पुढची चार वर्षं त्या फ्लोटाची क्षारता कवडीमोलाची होते. मग जहाजाचा वेग एक-दोन नॉटवर आणून, फ्लोटाच्या कड्यातून दुहेरी दोर ओवून मागच्या बाजूने अलगद पाण्यात सोडायचा आणि दोराचं एक टोक मोकळं करून ओढून घ्यायचं. अँटेनाला धरून उचलायचं नाही. थांबू न शकणाऱ्या मालवाहू जहाजांसाठी पुठ्ठ्याचा खोका असतो; तो फ्लोटासकट टाकतात आणि पाण्यात त्याचे बंध सुटून फ्लोट मोकळा होतो.

मोजमाप चुकतं तेव्हा

बंद पडलेला फ्लोट निदान कळतो. चुकीचं मोजत राहणारा फ्लोट जास्त घातक.

आर्गोला तापमान ०.००२ अंशांपर्यंत, दाब २.४ डेसिबारपर्यंत (एक डेसिबार म्हणजे साधारण एक मीटर पाण्याचा दाब) आणि क्षारता ०.०१ पर्यंत अचूक हवी असते. इतकी काटेकोर अट अशासाठी की पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास समुद्रात जाते, पण पाण्याचा साठा एवढा प्रचंड आहे की खोल थरांत तापमानातला बदल अंशाच्या शंभराव्या-हजाराव्या भागात दिसतो.

दाबाचा सेन्सर घ्या. फ्लोटाला खोली कळते ती दाबावरूनच. समजा सेन्सर ५ मीटर कमी दाखवतोय: फ्लोट खरोखर १०५ मीटरवर आहे आणि लिहितोय १००. अरबी समुद्रात ज्या थरात पाणी झपाट्याने थंड होत जातं, तिथे शंभर मीटरमध्ये तापमान दहा अंशांनी उतरू शकतं. म्हणजे ५ मीटरच्या चुकीने समुद्र अर्धा अंश थंड दिसला. तापमानाचा सेन्सर अगदी बरोबर असूनही!

हे काल्पनिक नाही. २००६ मध्ये वरचा समुद्र २००३ ते २००५ या काळात थंड झाल्याचं एका शोधनिबंधात आलं. पुढच्या वर्षी उलगडा झाला की काही फ्लोटांमध्ये दाब आणि तापमानाच्या जोड्या चुकीच्या जुळल्या होत्या, आणि जहाजांवरून टाकायच्या जुन्या उपकरणांच्या नोंदी उलट बाजूने चुकत होत्या. दोन्ही सुधारल्यावर ते थंड होणं नाहीसं झालं.

दुसरा झटका २००९ चा. बहुतेक फ्लोटांत वापरल्या जाणाऱ्या दाबाच्या सेन्सरमधून आतलं तेल अतिसूक्ष्म प्रमाणात झिरपत असल्याचं दिसलं. त्यामुळे दाब हळूहळू कमी-कमी दाखवला जायचा. तयार फ्लोट थांबवून ठेवावे लागले, सेन्सर बदलावे लागले. यावर उपाय तसा सोपा होता: फ्लोट पृष्ठभागावर आला की दाब शून्य दिसायला हवा, जेवढा फरक तेवढी दुरुस्ती करायची. पण काही जुन्या मॉडेलांचं सॉफ्टवेअर पृष्ठभागावर उणे आकडा आला की तो शून्य म्हणूनच कळवत असे. कुणीतरी कधीतरी ‘उणे दाब असतो कुठे’ असा विचार करून ती ओळ लिहिली असणार. तिच्यामुळे त्या फ्लोटांची चूक किती हे कळण्याचा मार्गच बंद झाला, आणि हजारो नोंदींवर ‘शंकास्पद’ शिक्का मारावा लागला.

क्षारतेचं दुखणं वेगळं. क्षारता थेट मोजत नाहीत. काचेच्या बारीक नळीतून पाणी नेऊन त्याची विद्युत वाहकता मोजतात आणि गणिताने क्षारता काढतात. नळीत शेवाळाचा थर बसला तर आकडा सरकतो. म्हणून नळीच्या तोंडाशी जीव वाढू न देणारं कथिलयुक्त विष ठेवलेलं असतं, आणि पृष्ठभागाच्या काही मीटर खालीच पाणी खेचणारा छोटा पंप बंद करतात, म्हणजे वरचा तेलकट तवंग आत जात नाही. एवढं करूनही साधारण २०१५ नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या सेन्सरांपैकी बरेच अचानक जास्त खारट दाखवू लागले. जगभर वापरात असलेला सेन्सर जवळपास एकाच बनावटीचा असल्याने एका तुकडीतला दोष सगळ्या महासागरांत एकदम पसरला. एकच बनावट असली की तुलना सोपी जाते, त्याची ही दुसरी बाजू. आता इतर बनावटीचे सेन्सरही पारखले जात आहेत.

चूक पकडायची कशी, कारण सेन्सर परत आणून तपासता येत नाही? दोन पायऱ्यांत. पहिली २४ तासांच्या आत, आपोआप: तारीख शक्य आहे का, जागा जमिनीवर तर दाखवत नाही ना, एखादा आकडा मध्येच उसळलाय का, जड पाणी हलक्या पाण्याच्या वर बसलंय का. प्रत्येक आकड्याला शेरा मिळतो. १ म्हणजे चांगला, ४ म्हणजे वाईट. दुसरी पायरी माणसाची, साधारण वर्षभराने. खोल पाण्याची क्षारता वर्षानुवर्षं फारशी बदलत नाही. तिथले फ्लोटाचे आकडे आजूबाजूच्या फ्लोटांशी आणि जहाजांनी बाटल्या उतरवून घेतलेल्या नोंदींशी ताडून पाहतात आणि सेन्सर किती सरकला ते ठरवतात. फाइलच्या नावात सुरुवातीला ‘आर’ असेल तर ती पहिल्या पायरीची, ‘डी’ असेल तर तपासून झालेली. दीर्घकालीन बदलाचा अभ्यास करायला ‘आर’ फाइली घेऊ नयेत. हे सांगूनही नवशिके अभ्यासक घेतातच, आणि मग समुद्र एकाएकी खारट झाल्याचे निष्कर्ष निघतात.

म्हणजे फ्लोट आले म्हणून जहाजं मोडीत काढता येत नाहीत. खोल समुद्रात त्यांनी घेतलेल्या नोंदी आटल्या तर फ्लोटांना तपासायचं कशाशी? खर्च वाचवताना नेमका हाच मुद्दा सुटतो.

पैसा आणि आपण

सगळे आकडे कुणालाही फुकट मिळतात. अकरा राष्ट्रीय-प्रादेशिक केंद्रं, त्यांतलं एक हैदराबादला, आपापले आकडे फ्रान्समधल्या ब्रेस्ट आणि अमेरिकेतल्या मॉन्टेरे इथल्या दोन जागतिक केंद्रांकडे पाठवतात. वापर मात्र रोजचा असला, तरी बहुतेक देशांत पैसा येतो तो ठरावीक मुदतीच्या संशोधन अनुदानातून. हवामान खात्याच्या वेधशाळेला दर तीन वर्षांनी ‘तुमच्यातून नवं काय निघालं’ असं कुणी विचारत नाही, आर्गोला विचारतात. पुढचा आराखडा ४,७०० फ्लोटांचा आहे: २,५०० नेहमीचे, १,२०० सहा किलोमीटरपर्यंत जाणारे आणि १,००० ऑक्सिजन, नायट्रेट, आम्लता, हरितद्रव्य असं मोजणारे. या शेवटच्या प्रकाराची किंमत साध्या फ्लोटाच्या कित्येक पट आहे. पैसा तेवढाच राहिला आणि महाग फ्लोट वाढले तर एकूण संख्या घटणार, हे उघड आहे.

आपल्याकडे याचा संबंध पावसाशी येतो. मोसमी पावसाच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत विकसित झालेलं संगणकीय प्रतिमान चालवतात, त्याला समुद्राची सुरुवातीची स्थिती इन्कॉइसकडून मिळते आणि तीत आर्गोचे आकडे असतात. चक्रीवादळांचंही तसंच. उपग्रहाला फक्त पृष्ठभागाचं तापमान दिसतं. वादळ पाणी घुसळतं, तेव्हा खालून थंड पाणी वर आलं तर त्याचा जोर ओसरतो. २६ अंशांहून गरम पाण्याचा थर जाड असेल तर ओसरत नाही. मे २०२१ च्या तौक्तेसारखं वादळ कोकण किनाऱ्यालगत वर सरकत असताना त्या थराची जाडी ठाऊक असणं मोलाचं असतं.

एक उणीव इथे सांगायलाच हवी. मुंबईसमोर समुद्रतळाचा उथळ पट्टा सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे आणि १,००० मीटरवर वाहणारा फ्लोट तिथे राहूच शकत नाही. बॉम्बे हायजवळ पाणी ७५ मीटरच्या आसपास. त्यामुळे आपल्या किनाऱ्याच्या सर्वात जवळचं पाणी आर्गोच्या नकाशात जवळपास कोरं आहे. तिथे नांगरून ठेवलेली तरंगती यंत्रं (बॉय) आणि जहाजंच लागतात.

तरीही एखादा मेलेला फ्लोट वाहत किनाऱ्याला लागतो किंवा जाळ्यात येतो. तो उघडायचा नाही. पाणी शिरलेल्या बॅटऱ्यांमुळे आत वायू कोंडलेला असू शकतो आणि झाकण गोळीसारखं उडतं. लिथियम असेल तर आगही लागते. तो बोटीच्या केबिनमध्ये किंवा इंजिनापाशी ठेवू नये, सावलीत, मोकळ्यावर, माणसांपासून लांब ठेवावा. कवचावर मालक संस्थेचं नाव आणि बहुधा सात आकडी क्रमांक असतो. त्याचा फोटो काढून मत्स्यव्यवसाय खात्याला किंवा तटरक्षक दलाला कळवावं. आणि फ्लोट समुद्रात धडधाकट तरंगताना दिसला, अँटेना सरळ असली, तर तो बहुधा मेलेला नसतोच. उपग्रहाशी बोलत असतो. उचलू नये, तासाभरात स्वतःच खाली जाईल.